आत्याचे सहा डबे: सैन्यातली सिस्टर, गंगेवरचा कॅमेरा

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी इथे धागा काढते आहे.

माझी आत्या गेल्या महिन्यात गेली. ७९ वर्षांची होती. ३३ वर्षं तिने मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये काढली, २००१ साली लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाली आणि तेव्हापासून देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आतल्या एका गल्लीत दोन खोल्यांच्या घरात राहिली. कॅम्पातली माणसं तिला आधी सिस्टर आणि नंतर कर्नल बाई म्हणत. पंचवटीतली, गंगेवरची (नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात) माणसं कॅमेरावाल्या मावशी म्हणत. यातल्या निम्म्या लोकांना उरलेल्या निम्म्यांची आत्या माहीतच नव्हती. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल.

तिच्या कपाटात बिस्किटांचे सहा मोठे पत्र्याचे डबे निघाले. सगळे निगेटिव्ह आणि प्रिंट. सत्तरच्या दशकात ती सुट्टीवर नाशिकला यायची तेव्हापासून ते अगदी पाचेक वर्षांपूर्वीपर्यंतचे. बहुतेक कृष्णधवल. सुरुवातीचे आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्यावरचे, मग एका जुन्या याशिकामॅटवरचे. तो दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून आत बघायचा कॅमेरा. आत चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. लहानपणी मला वाटायचं, आत्या फोटो काढायच्या आधी समोरच्या माणसाला मान लववून नमस्कार करते.

प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं आहे. वॉर्डात पेशंटच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर जसं लिहितात तसं. काही उतरवून देते (दुतोंड्या म्हणजे नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, पुराचं पाणी त्याच्यावरून मोजतात; रहाड म्हणजे रंगपंचमीला उड्या मारायचा रंगीत पाण्याचा हौद):

"गंगा. ०६:४०. पाणी दुतोंड्याच्या गुडघ्याला. वाढतंय."

"तिवंधा चौक, रहाड. १५:१०. चौथी उडी. श्वास लागलाय, हसतोय."

"भाजीवाली, रविवार कारंजा. ०९:००. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. सांगितलं. दवाखान्यात जाते म्हणाली." त्याखाली वेगळ्या पेन्सिलीने, "गेली नाही." आणि त्याखाली, "गेली."

"उभा. ११:१५." एवढंच. कडुनिंबाखाली पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण माणूस ताठ उभा आहे. कोण, कुठला, काही कळत नाही.

या सहा डब्यांत सैन्य नाही. एकही वॉर्ड नाही, एकही गणवेशातला माणूस नाही, आत्या स्वतःही नाही. छावणीच्या आत कॅमेरा न्यायला मनाई असायची हे खरं. पण तिचा स्वतःचा नियम त्याहून कडक होता. आजारी माणूस नाही म्हणायच्या स्थितीत नसतो, म्हणून त्याचा फोटो काढायचा नाही, असं ती म्हणायची. त्यामुळे तिच्या ३३ वर्षांचं एकही चित्र उरलेलं नाही. जे आहे ते माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसंही आता सत्तरी-ऐंशीची झाली.

म्हणून हा धागा. तिला ओळखणाऱ्यांनी, तिच्या हाताखालून गेलेल्यांनी, तिने दिलेला प्रिंट ज्यांच्या घरी आहे त्यांनी इथे लिहा. आठवण अर्धवट असली तरी चालेल.

पंचवटीकर

कॅमेरावाल्या मावशी गेल्या? मला आत्ता तुमच्याकडून कळतंय.

आमची पिढीजात पूजासाहित्याची टपरी आहे, रामकुंडाच्या वरच्या अंगाला. मावशी पहाटे यायच्या, पहिल्या एसटीने किंवा कुणाच्या तरी दुधाच्या गाडीतून. आधी चहा घ्यायच्या आणि तासभर कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, मावशी, आज फोटो नाही? म्हणाल्या, "आधी राउंड घेऊ दे."

आमच्या आजीचा जगातला एकुलता एक फोटो त्यांनी काढलेला आहे. आजी पदर सारखा करून बसली तर म्हणाल्या, असं नाही, फुलं निवडताना बसता तशा बसा. आठ दिवसांत प्रिंट आणून दिला. पैसे घेतले नाहीत, वर आजीचे पाय सुजलेले दिसतात म्हणून मीठ कमी करायला सांगून गेल्या. त्या प्रिंटच्या मागे आत्ता जाऊन बघितलं. "फुलं निवडताना. ०७:२०. दोन्ही घोटे सुजलेले. बोट कामाला चपळ."

आजी जाऊन सतरा वर्षं झाली. ही ओळ आम्ही कुणी कधी वाचलीच नव्हती, फोटो चौकटीत होता. खरंच, तिची बोटं तशीच होती.

साधा_वाचक

भावपूर्ण श्रद्धांजली. एक शंका आहे, रागावू नका. १९९२ पर्यंत बायकांना सैन्यात घेत नव्हते ना? मग आत्या ६८-६९ साली अधिकारी कशा? की त्या नागरी नर्स होत्या?

निवृत्त_सिस्टर

रागावत नाही, पण ही शंका मी जन्मभर ऐकत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९२ साली वैद्यकीय आणि परिचर्या सोडून इतर काही शाखा बायकांसाठी उघडल्या. पहिली तुकडी मद्रासच्या अकादमीत शिकली आणि मार्च १९९३ मध्ये त्या मुली अधिकारी झाल्या. त्यांचं कौतुक आहेच. पण सैन्यातल्या बायकांची गोष्ट तिथे सुरू होत नाही. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, आमची वंशावळ तिथून. १९२६ साली इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस उभी राहिली, आणि महायुद्ध चालू असताना १९४३ च्या अध्यादेशाने आम्ही कमिशन मिळालेल्या अधिकारी झालो. त्याच युद्धात, १९४२ साली विमेन्स ऑक्झिलरी कोअर निघालं होतं, त्यातल्या हजारो मुली कारकुनी, टेलिफोन, वाहनं अशी कामं करत होत्या. युद्धानंतर ते कोअर गेलं. आमची सेवा राहिली. १९७६ साली जी. ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात त्या हुद्द्यावर पोचलेली पहिली बाई ही एक परिचारिका होती.

तुमच्या आत्या मला सिनिअर. मी नवी लेफ्टनंट असताना त्या मेजर होत्या. पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर ट्रक उलटून एकदम सतरा-अठरा जवान आले. मी जो सगळ्यात मोठ्याने ओरडत होता त्याच्याकडे धावले. मॅडमनी माझा दंड धरून मला फिरवलं. "ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प कोण आहे ते बघ." कोपऱ्यात एक पोरगा भिंतीला टेकून शांत बसला होता, घाम सुटलेला, ओठ पांढरे. पोटात रक्तस्राव होत होता. वाचला तो.

हे सगळ्याच ट्रायेजमध्ये, म्हणजे जखमींतून आधी कुणाकडे बघायचं ते ठरवताना, शिकवतात, पुस्तकात असतं. पण दंडावरचा तो हात मला अजून जाणवतो. पुढे मी शेकडो मुलींना असंच दंड धरून फिरवलं.

अजून एक. कुणी विचारायच्या आत लिहून टाकते. आमच्या सेवेत १९७७ चा एक नियम होता, लग्न केलं की अधिकाऱ्याची नेमणूक संपुष्टात आणता येत असे. तो १९९५ साली मागे घेतला. त्या नियमाखाली १९८८ मध्ये काढलेल्या एका अधिकाऱ्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल दिला आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. निकाल आला त्या दिवशी मी मॅडमना फोन केला होता. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं झालं. तिचा वॉर्ड कुठला होता गं?"

गोदाकाठची

सिस्टर, हा फोन मला माहीत नव्हता.

आत्याने लग्न केलं नाही. घरात हा विषय तिने कधी काढू दिला नाही. आजोबांनी एक स्थळ आणलं होतं, ते ७८-७९ सालचं, मुलगा चांगला होता म्हणतात. ती सुट्टी अर्धी टाकून परत गेली. आम्हाला लहानपणी सांगायचे, आत्या हट्टी आहे. नियमाबद्दल घरात कुणालाही ठाऊक नव्हतं, आज मी पन्नाशीला आल्यावर तुमच्याकडून कळतंय. आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

आता हेही सांगते. ती गेल्यावर एका कार्यालयातून सांत्वनाचं पत्र आलं. त्यात तिला "माजी सैनिकाच्या पत्नी" म्हटलं होतं. मी फोन केला तर पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, ताई, फॉर्ममध्ये पतीचं नाव आणि हुद्दा असा रकाना आहे, तो रिकामा सोडता येत नाही. तिच्या हयातीत हे अनेकदा झालं होतं. माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात मी तिच्याबरोबर होते. स्वयंसेवक मुलगा आला आणि म्हणाला, मावशी, मिसेस लोकांची बसायची सोय त्या बाजूला आहे. आत्याने छातीवरची पदकं सारखी केली आणि त्याला विचारलं, "बाळ, तुला यातली कुठली ओळखू येतात?" त्याला येत नव्हती. तिने एकेक करून सांगितली, ७१ च्या पदकापासून. तो पोरगा ऐकत राहिला, मग स्वतः खुर्ची उचलून पहिल्या रांगेत ठेवली. आत्या नंतर मला म्हणाली की त्याला कुणी सांगितलंच नव्हतं तर त्याचा काय दोष. मी तेव्हा तिच्याइतकी शांत नव्हते. आजही नाही.

डार्करूम

वाचतो आहे, आणि मधेच घुसतो, कारण एक गोष्ट थांबू शकत नाही. निगेटिव्ह अजून त्याच पत्र्याच्या डब्यांत आहेत का? झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का?

गोदाकाठची

हो. तिसऱ्या डब्याला येतो. मला वाटलं लोणच्याची बरणी कधी ठेवली असेल.

डार्करूम

लोणचं नाही. जुन्या फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. दमट हवेत, उष्णतेत तो हळूहळू फुटतो आणि त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरच. ते आम्ल डब्यात कोंडलं की फुटणं आणखी वेगाने होतं आणि शेजारच्या धडधाकट निगेटिव्हलाही लागतं. पुढे फिल्म आकसते, वेडीवाकडी होते, वरचा जिलेटिनचा थर सुटतो. झालेलं उलटवता येत नाही, पण वेग कमी करता येतो. तेव्हा आजच:

तिसरा डबा बाकीच्या पाचांपासून दुसऱ्या खोलीत न्या. सगळ्या फिल्म पत्र्यातून बाहेर काढा. साध्या, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांत एकेक पट्टी ठेवा. बाजारात मिळणारी मऊ, चकचकीत पीव्हीसीची पाकिटं अजिबात नकोत. पावसाळा आहे, म्हणून लाकडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर उत्तम.

बुरशीचे ठिपके दिसले तर पाण्याने पुसायला जाऊ नका. बुरशीने जिलेटिन खाऊन पोकळ केलेलं असतं, पाणी लागलं की चित्रच निघून येतं. ते माझ्यावर सोडा.

स्कॅन करताना आधी पाकिटाचा आणि प्रिंटच्या मागच्या बाजूचा फोटो घ्या, मग निगेटिव्ह. तुमच्या आत्याच्या त्या ओळी चित्रापासून सुटल्या तर निम्मा ठेवा गेला. माझ्याकडे लाइट पॅनेल आणि मॅक्रो लेन्स आहे, सगळं घेऊन देवळालीला येईन. पैशाचा विषय काढू नका.

फिल्म कुठली आहे, कडेला काही छापलंय का?

गोदाकाठची

आजच सगळं बाहेर काढलं. पलंगभर पसरलंय. कडेला काहींवर ओर्वो आहे, काहींवर इंदू.

डार्करूम

इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची. आपल्या सरकारी कारखान्याची फिल्म. माझा पहिला रोल तोच. हात जरा कापले वाचताना.

प्रिंट घरीच करायच्या का त्या?

गोदाकाठची

घरीच. न्हाणीघराच्या झरोक्याला काळं कापड, बादलीवर फळी, त्यावर तीन ट्रे. पण एक गंमत होती. देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे, फायरिंग रेंजवर सराव चालू झाला की तिच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडायचं यंत्र, हलायचा आणि प्रिंट धूसर यायचा. म्हणून ती सराव नसेल तेव्हाच छापायला बसायची. एखादा प्रिंट असा हललेला निघाला की फेकायची नाही. असे पाच-सहा आहेत, मागे लिहिलंय, "तोफ."

सातपूरवाला

सुंदर धागा. माझं स्पष्ट मत, सगळे स्कॅन झाले की एकदम नेटवर टाका. चाळीस-पन्नास वर्षांचं नाशिक आहे ते. सरकारवाड्याच्या पायऱ्या, जुनी भांडीबाजाराची गल्ली, अहिल्याबाई होळकर पुलावरून दिसणारा पूर, हे सगळं शहराचं आहे. वृत्तछायाचित्रकार होमाईबाई व्यारावालांचंच बघा. त्यांनी १९७० मध्ये काम थांबवलं आणि पुढे कित्येक वर्षं बडोद्यात राहिल्या, लोक जवळजवळ विसरले होते. पुढे त्यांचं काम लोकांसमोर आलं, म्हणून २०११ ला पद्मविभूषण झालं. डब्यात ठेवून काय उपयोग?

गोदाकाठची

तुमची तळमळ कळते, पण "एकदम सगळं" याला माझं मन होत नाही. होमाईबाईंनी पंतप्रधान, व्हाइसरॉय, मोठे समारंभ टिपले, त्या वृत्तछायाचित्रकार होत्या आणि समोरच्यांना ते ठाऊक होतं. आत्याच्या फोटोतली माणसं कुंडावर ओल्या लुगड्यात आहेत, दशक्रियेला बसलेली आहेत, कुणी मुंडण करून रडतंय. त्यांनी तिला हो म्हटलं होतं, आठ दिवसांत प्रिंट हातात मिळेल या बोलीवर. अख्ख्या जगाला हो म्हटलं नव्हतं. पूर, गल्ल्या, वाडे, रहाडी हे सगळं जरूर टाकू. चेहरे मात्र ओळख पटवून, विचारून.

आणि एक रोल असा आहे की तो मी टाकणारच नाही. पाकिटावर "सिंहस्थ, २७-८-०३." तिच्या कॅमेऱ्यात एका रोलला १२ फोटो यायचे. यात सात आहेत. ओळीत चाललेल्या बाया, खांद्यावर झोपलेलं पोर, एक म्हातारा दोन बोटं वर करून हसतोय. आठव्यापासून बाराव्यापर्यंत फिल्म कोरी. पाकिटाच्या मागे एक ओळ, "पुढे हात मोकळे नव्हते."

ती मला त्या दिवसाबद्दल कधी काही बोलली नाही.

पंचवटीकर

मी होतो तिथे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. २७ ऑगस्ट २००३, श्रावणी अमावास्या, शाही स्नान. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर गर्दी कोंडली आणि चेंगराचेंगरी झाली. ३९ माणसं गेली. लोकांना वाटतं पायाखाली तुडवून माणसं मरतात. तसं फार थोडं होतं. छाती चारी बाजूंनी इतकी दाबली जाते की श्वास आत घेता येत नाही. माणूस उभ्याउभ्या जातो.

आम्ही टपरीवाली पोरं बांबूखालून घुसून माणसं ओढत होतो. कुणाला आधी ओढायचं कळत नव्हतं, ज्याचा हात हाताला लागेल तो. तेवढ्यात मावशी दिसल्या. कॅमेरा गळ्यातून काढून त्यांनी आमच्या फळकुटावर ठेवला आणि पदर खोचला. त्यांचा आवाज मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता. "ओरडतायत त्यांना राहू द्या! गप्प आहेत त्यांना आधी काढा!"

वर सिस्टरांनी ट्रकवाला प्रसंग लिहिलाय तो वाचून माझ्या अंगावर काटा आला. तेच वाक्य.

त्यांनी आम्हाला वाटून दिलं. दोघांनी फक्त जागा करायची, भोवती कुणाला उभं राहू द्यायचं नाही. दोघांनी बेशुद्ध माणसाला कुशीवर करायचं, तोंडात बोट घालून काही अडकलंय का बघायचं. एकाने फक्त पाणी, आणि ते जो बसून बोलतोय त्यालाच. मी कुशीवर करणाऱ्यांत होतो. मला तीन माणसं आठवतात जी माझ्यासमोर खोकून श्वास घ्यायला लागली. बाकीचीही आठवतात.

संध्याकाळी मावशी टपरीवर येऊन बसल्या. लुगडं फाटलेलं, दोन्ही कोपर सोललेले. चहा दिला. कपाला हात लावला नाही. कॅमेरा परत देताना मी विचारलं, मावशी, तुम्ही फोटो काढला असता तर जगभर छापून आला असता. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला दोनच हात आहेत रे."

रोल टाकू नका. तुमचं बरोबर आहे. मात्र तो दोन बोटं वर करून हसणारा म्हातारा, त्याच्या कपाळावर आडवं गंध आणि गळ्यात निळा गमछा आहे का? असेल तर तो वाचला. मीच त्याला बसवून पाणी दिलं.

गोदाकाठची

आहे. गमछा काळा-पांढऱ्यात निळा आहे का ते कळत नाही, पण आडवं गंध आहे.

आता मी त्या प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, "वाचला." तिच्यासारखं.

सातपूरवाला

माझा आग्रह मागे घेतो. ओळख पटवायला माणसं लागतील, मी येतो.

सिन्नरचा

नमस्कार. मी इथे पहिल्यांदाच लिहितो आहे. धागा वडिलांना वाचून दाखवला. ते सांगत आहेत तसं टाइप करतो. वय ७६. तोफखान्यात गनर होते.

"७१ च्या डिसेंबरात पश्चिमेच्या आघाडीवर डावा पाय गेला. गुडघ्याखालून कापला. दोन हॉस्पिटलं करून पुण्याला आलो. सिस्टर तिथे ७२ साली बदलून आल्या, पूर्वेकडून. मराठी बोलणाऱ्या, त्यातही नाशिकच्या. माझा जीव की प्राण. मी तेव्हा कुणाशी बोलत नव्हतो. बाकीची पोरं पत्ते खेळत, आरडाओरडा करत, सिस्टर येऊन माझ्याच खाटेजवळ थांबायच्या.

आईला पत्र त्यांनी लिहिलं. मी म्हणालो पायाचं लिहू नका. म्हणाल्या, खोटं लिहिणार नाही, पण तू उभा राहिलास की मग लिहू, तोवर हवापाण्याचं लिहिते. दीड महिना माझ्या आईला पुण्याच्या हवापाण्याची पत्रं गेली.

मी म्हटलं फोटो काढा, आईला पाठवतो, खाटेवर बसलेला, पांघरूण घेऊन, म्हणजे पाय दिसणार नाही. नाही म्हणाल्या. म्हणाल्या, पांघरुणाखालचा फोटो मी काढत नाही. पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, तिथे पाय बसवला. खोबणीत खुंट घासून रक्त यायचं. समांतर दांड्यांमधून चालायचो, पडायचो. जून महिन्यात एका रविवारी त्यांनी सुट्टी घेतली, मला पास मिळवून दिला, गेटाबाहेर नेलं. साधा सदरा घालायला लावला. एका झाडाखाली उभं केलं आणि काठी हातातून काढून घेतली. म्हणाल्या, किती वेळ राहशील? मी म्हटलं, बघू. मान खाली घालून कॅमेऱ्यात बघत राहिल्या, खटका काही दाबेनात. माझ्या मांडीला कंप सुटला. मग तो थांबला. तेव्हा दाबला."

वडील म्हणतात, झाड कडुनिंबाचं होतं आणि सकाळचे अकरा वाजून गेले होते. आमच्या घरी तो फोटो देव्हाऱ्याशेजारी आहे. आजी असेपर्यंत ती त्यालाही कुंकू लावायची, म्हणून वरचा कोपरा लाल झालाय. मागे काय लिहिलंय ते बघायला तो आज भिंतीवरून उतरवला. "उभा. ११:१५."

वडील विचारतात, सिस्टरना कुठल्या घाटावर दिलं?

गोदाकाठची

काका, देवळालीतच दहन केलं. अस्थी रामकुंडात सोडल्या, सकाळी पावणेसातला. पाऊस नव्हता. पाणी पायरीला लागून शांत वाहत होतं.

तुमचं सगळं पुन्हा पुन्हा वाचते आहे. काल रात्री घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचलं. माझी मुलगी आता नर्सिंग की दुसरं काही अशा वयात आहे, ती उठून आत्याच्या खोलीत जाऊन बसली.

निवृत्त_सिस्टर

दादा, तुमच्या वडिलांना माझा सॅल्यूट सांगा. दांड्यांमधून चालणारे लोक मीही पाहिलेत. खुंट घासतो तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे.

पोरीला माझ्याकडे पाठवा. आग्रह करणार नाही, फक्त खरं काय ते सांगेन.

गोदाकाठची

तर ठरवलेलं लिहिते. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, आत्याच्या घरी. पत्ता निरोपातून कळवते. डार्करूम स्कॅन करतील, सातपूरवाले नोंदवही सांभाळतील. पंचवटीकर टपरी भावावर सोपवून येणार आहेत. सिन्नरच्या काकांना जिने चढावे लागणार नाहीत, घर तळमजल्यावर आहे. त्यांनी फोटो चौकटीसकट आणावा, लाल कोपऱ्यासकटच स्कॅन करू.

चहा आणि चिवडा असेल. फोटोंजवळ मात्र दोन्ही न्यायचे नाहीत. वाचायचा चष्मा ज्याचा त्याने आणा. ओळखलेल्या माणसाचं नाव पेन्सिलीने लिहायचं, पेनाने नाही, आणि नावापुढे तो आता कसा आहे, कुठे आहे, तेही लिहायचं.